चिनी वनौषधींची टॉनिकं: कुणी घ्यावीत, कुणी लांब राहावं?

पारिजातक (सिंगापूर)

नमस्कार मंडळी. परदेशात, विशेषतः सिंगापूर-मलेशिया-हाँगकाँगकडे राहणाऱ्या मराठी घरांत हा प्रश्न कधी ना कधी येतोच, म्हणून धागा काढते आहे.

आई-बाबा लवकरच इकडे राहायला येतायत. बाबांची हृदयाची झडप बदललेली आहे, त्यामुळे रक्त पातळ ठेवणारी वॉरफरिनची गोळी कायमची. शेजारच्या चिनी आँटींना हे कळल्यावर त्या बाबांसाठी अमेरिकन जिनसेंगच्या चकत्यांचा डबा घेऊन आल्या. "म्हाताऱ्या माणसाला ताकद येते, गरम पाण्यात दोन चकत्या टाकून दे," म्हणाल्या. डबा महागाचा आहे आणि मायेने दिलेला आहे. मी तो अजून फोडलेला नाही.

दुसरीकडे माझी जाऊ इथेच बाळंत झाली आहे. तिने महिनाभरासाठी बाळंतिणीचं बघणारी चिनी बाई ठेवली आहे. त्या बाई लाल खजूर, आलं, तिळाचं तेल आणि दांगग्वे नावाचं मूळ घालून रोज सूप करतात. सासूबाई पुण्याहून फोनवर विचारतात, "हे नक्की काय पाजतायत तिला?" आणि मला धड उत्तर देता येत नाही.

इथल्या जुन्या औषधी दुकानात मी मुद्दाम जाऊन आले. भिंतभर छोटे छोटे लाकडी खण, काउंटरवर छोटा दांडीचा काटा. दुकानातल्या आजोबांनी जिनसेंगचं नाव काढताच आधी मलाच विचारलं: कुणासाठी? वय काय? सर्दी-ताप आहे का? झोप लागते का? कुठली डॉक्टरी गोळी चालू आहे का? वॉरफरिन म्हटल्यावर त्यांनी काटा खाली ठेवला आणि "आधी डॉक्टर" एवढंच म्हणाले. तोच डबा सुपरमार्केटमध्ये लाल फीत बांधून ठेवलेला असतो. तिथे कुणी काही विचारत नाही.

तर जाणकारांनी सांगा. यात खरोखर उपयोगाचं काय, आणि धोका नक्की कुठे आहे?

स्टेथो

पारिजातक, डबा फोडला नाहीत हे फार चांगलं केलंत. मी फिजिशियन आहे, म्हणून आधी वॉरफरिनचंच सांगतो.

अमेरिकन जिनसेंगवर 2004 साली नीट चाचणी झालेली आहे. 20 निरोगी लोकांना वॉरफरिन दिलं आणि काहींना सोबत जिनसेंग. जिनसेंग घेणाऱ्यांमध्ये वॉरफरिनचा परिणाम घटला, आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा तपासणीतला आकडा) खाली आला. झडप बदललेल्या माणसात आयएनआर खाली येणं म्हणजे झडपेवर गुठळी होण्याची वाट मोकळी करणं. ती गुठळी सुटून मेंदूत गेली की पक्षाघात.

दांगग्वेचं बरोबर उलट. एका बाईंना वॉरफरिन व्यवस्थित चालू होतं, त्यांनी दांगग्वे सुरू केलं आणि चार आठवड्यांत आयएनआर दुपटीच्या वर गेला. औषधी मूळ बंद केल्यावर तो पुन्हा जागेवर आला. ही नोंद 1999 ची आहे. दानशेन नावाचं आणखी एक मूळ "हृदयासाठी" म्हणून सर्रास विकलं जातं, तेही वॉरफरिनचा परिणाम वाढवतं. गोजी बेरीच्या काढ्यानंतर आयएनआर वाढल्याच्याही नोंदी आहेत.

म्हणजे एकाच कपाटातल्या चार पुड्यांपैकी एक रक्त घट्ट होऊ देते आणि तीन पातळ करतात. सगळ्यांवर "रक्तासाठी उत्तम" असंच लिहिलेलं असतं. बाबांना यातलं काहीही नको. ते येण्याआधी आणि आल्यावर आठवड्याभरात आयएनआर करून घ्या, कारण प्रवासात आणि नव्या जेवणात तोही हलतो.

जाऊबाईंना रक्तस्राव जास्त होतोय का, सिझेरियन झालं आहे का, कुठली गोळी चालू आहे का, हे आधी कळवा. मग बोलू.

कॅन्टनकर

धंद्यानिमित्त ग्वांगझूला बरीच वर्षं काढली, म्हणून दोन गोष्टी.

आपण "चिनी टॉनिक" म्हणून सगळं एका पोत्यात भरतो. तिकडे ते तसं नाही. घरोघरी सूप होतं त्यात खजूर, गोजी, लाँगन, कमळाच्या बिया, सुरण-रताळ्यासारखे कंद. हे जवळजवळ अन्नच. दुसरा थर म्हणजे ठरलेले योग. चार वनस्पतींचा 'सीवू' काढा बायकांना रक्त भरून यावं म्हणून देतात: दांगग्वे, छ्वानश्योंग, शूदीह्वांग, बाईशाओ. चारच वनस्पतींचा 'सीज्युनझ' काढा पचन आणि ताकदीसाठी, त्यात जिनसेंग, बाईजू, फूलिंग आणि ज्येष्ठमध. हे दोन एकत्र केले की 'बाझेन', म्हणजे आठांचा काढा. तिसऱ्या थरात माह्वांग, फूझ, असली जहाल औषधं येतात, ती वैद्याशिवाय कुणी घ्यायची नसतात.

आणि तिथले जुने लोक टॉनिकबद्दल आपल्यापेक्षा जास्त सावध असतात. सर्दी-ताप अंगात असताना जिनसेंग द्यायचं नाही, का तर चोर घरात असताना दार लावून घेतल्यासारखं होतं. फार अशक्त माणसाला एकदम जड टॉनिक द्यायचं नाही, त्याला ते पेलत नाही. जिनसेंग चालू असताना पांढरा मुळा खायचा नाही. माझ्या घरमालकीणबाई तर उन्हाळ्यात जिनसेंगचं नाव काढू देत नसत. पोरगा परीक्षेला बसला की तेवढ्यापुरतं, तेही अमेरिकन, कारण कोरियन 'गरम' पडतं.

या सगळ्या अटी बाटलीत भरताना गळून जातात. हाच खरा घोटाळा आहे.

तर्कवाद

कॅन्टनकर, तुमच्या घरमालकीणबाईंबद्दल आदर आहे, पण मुळा खाल्ल्याने जिनसेंग उतरतं याला काय पुरावा? गरम-थंड, ची (जीवनशक्ती), मूत्रपिंडाचं 'यांग' (ऊब देणारी शक्ती), ही सगळी भाषा तपासता येत नाही. वाटेल ते त्यात बसतं. दांगग्वेचंच बघा. रजोनिवृत्तीच्या त्रासासाठी ते जगभर विकलं जातं. 1997 साली 71 बायकांवर 24 आठवडे चाचणी झाली आणि ते साखरेच्या गोळीपेक्षा सरस ठरलं नाही. धोका आहे, उपयोग नाही, मग चर्चा कशाची?

निघंटू (वैद्य)

तर्कवादजी, त्या चाचणीत दांगग्वे एकटं दिलं होतं, आणि चिनी वैद्य ते एकटं क्वचितच देतात. म्हणून योग चालतोच असं मी म्हणत नाही. तोही तपासायलाच हवा. पण उपयोगच नाही हे विधान टिकत नाही.

मलेरियाचं आर्टेमिसिनिन यातूनच आलं. 1967 साली चीनने मलेरियावर औषध शोधायचा गुप्त प्रकल्प सुरू केला. तू यूयू यांच्या गटाने जुने ग्रंथ चाळले. चौथ्या शतकातल्या ग होंग यांच्या ग्रंथात छिंगहाओ ही वनस्पती पाण्यात भिजवून तिचा रस पिळून प्यावा असं लिहिलं होतं. उकळण्याचा उल्लेख नव्हता. त्यावरून त्यांना सुचलं की उष्णतेने गुण नष्ट होत असावा. कमी तापमानाला ईथरमध्ये अर्क काढला, 1971 मध्ये तो उंदरांवर पूर्ण लागू पडला. माणसांवर देण्याआधी त्यांनी आणि सहकाऱ्यांनी तो स्वतः घेतला. 2015 चं नोबेल त्याला मिळालं. माह्वांगातून एफेड्रिन 1885 मध्ये जपानच्या नागाई यांनी वेगळं केलं, पुढे ते दम्यासाठी जगभर वापरलं गेलं.

या दोन्ही गोष्टींतून मला दिसतं ते असं: कुठली वनस्पती, कशी काढलेली, किती मात्रा, कुठल्या रोगाला, हे चारही नक्की झाले तेव्हा औषध लागू पडलं. आमच्या आयुर्वेदातही रसायन, म्हणजे ताकदीचं औषध, असंच द्यायचं नसतं. आधी शोधन म्हणजे शरीरशुद्धी, मग अग्नी म्हणजे पचनशक्ती बघायची, मग वय, ऋतू. बाजारातला च्यवनप्राश कुणी अग्नी बघून खातं का? आपल्याकडेही टॉनिक हा शब्द आला आणि वैद्य बाजूला पडला.

तर्कवाद

आर्टेमिसिनिन मान्य, शंभर टक्के. पण ते टॉनिक नव्हे, शुद्ध रेणू आहे. टॉनिकवर काही असेल तर सांगा.

स्टेथो

आहे, थोडं आहे. कर्करोगाच्या रुग्णांना येणाऱ्या थकव्यावर अमेरिकेत 364 रुग्णांची चाचणी झाली, 2013 ला प्रसिद्ध झाली. रोज 2000 मिलिग्रॅम अमेरिकन जिनसेंग, आठ आठवडे. थकव्यात फरक पडला. अगदी मोठा नाही, पण रुग्णाला जाणवेल इतका.

दुसरं उदाहरण टॉनिकचं नाही, पण पारंपरिक मिश्रणाचंच आहे, थोंगशिनलुओ. जिनसेंगसोबत विंचू, गोम, जळू असं बरंच काही असलेलं. 2023 साली हृदयविकाराच्या तीव्र झटक्यानंतरच्या 3777 रुग्णांवर चीनमधल्या 124 रुग्णालयांत चाचणी झाली. नेहमीच्या उपचारांसोबत हे दिलेल्यांत 30 दिवसांत मोठी गुंतागुंत 3.4 टक्के, औषध नसलेली गोळी दिलेल्यांत 5.2 टक्के. चांगली आखलेली चाचणी आहे. इतर देशांत पुन्हा करून बघायला हवी, पण दुर्लक्ष करण्यासारखी नक्कीच नाही.

म्हणून मी रुग्णाला "हे थोतांड आहे, फेकून द्या" असं म्हणत नाही. तसं म्हटलं की तो पुढच्या वेळी सांगतच नाही. मला त्याची पुडी टेबलावर हवी आहे.

अबोली_क

वरच्या शेवटच्या वाक्याला +१.

बाळंतिणीबद्दल बोलते, कारण माझी दोन्ही बाळंतपणं सिंगापूरला झाली. आपला बाळंतकाढा, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर आणि त्यांचं आलं-तीळतेलातलं चिकन, आल्याचं व्हिनेगर घातलेले डुकराचे पाय, यांत मला फार अंतर वाटलं नाही. दोन्हीकडे बाळंतिणीला गरम, पौष्टिक, आयतं मिळावं हाच हेतू. मला तेव्हा त्या सूपाने खूप बरं वाटायचं आणि भूकही लागायची.

पण पारिजातक, तीन गोष्टी जाऊबाईंना नक्की सांगा. एक, अंगावरून जास्त जात असेल तर दांगग्वेचं सूप थांबवायचं. काही बाया ते पहिल्या दिवसापासून सुरू करतात, तेव्हाच रक्तस्राव सगळ्यात जास्त असतो. दोन, त्या स्वयंपाकात तांदळाची दारू चांगली ओंजळभर पडते. झाकण ठेवून उकळली तर सगळी उडत नाही. बाळाला अंगावर पाजत असतील तर ती वगळायला सांगा, चव थोडी बदलते इतकंच. तीन, बाळाला काहीही पाजू देऊ नका. जुन्या घरांत नवजात बाळाला 'पोटातली घाण' निघावी म्हणून ह्वांगल्येन नावाच्या मुळीचं कडू पाणी चाटवायचे.

निघंटू (वैद्य)

अबोलीताई, तिसरा मुद्दा फार महत्त्वाचा, त्याचा इतिहास सांगतो. ह्वांगल्येनमध्ये बर्बेरीन असतं, तेच आपल्या दारुहळदीत. चिनी आणि आग्नेय आशियातल्या काही बाळांमध्ये जी-सिक्स-पीडी या विकराची जन्मजात कमतरता असते, आपल्याकडेही काही समाजांत असते. अशा बाळांची कावीळ बर्बेरीनने वाढू शकते आणि मेंदूपर्यंत पोहोचू शकते. या भीतीने सिंगापूरने 1978 मध्ये बर्बेरीनवर बंदीच घातली होती. 2013 पासून ती टप्प्याटप्प्याने उठवली, कारण मोठ्यांसाठी धोका तेवढा नव्हता. नवजात बाळाबाबतचा इशारा मात्र कायम आहे.

आपल्याकडे बाळगुटी उगाळतानाही आजी वेढे मोजायची. आता तयार पावडरीची पुडी मिळते, त्यात वेढे कुठले.

कॅन्टनकर

वैद्यबुवा, फूझबद्दल लिहा ना. चीनच्या युन्नान प्रांतात थंडीत ते मटणात शिजवून टॉनिक म्हणून खातात, आणि दर हिवाळ्यात विषबाधेच्या बातम्या असतात. मी स्वतः एका मेजवानीत बघितलंय. यजमानांनी पहाटेपासून पातेलं ठेवलं होतं, मधे कुणालाही गार पाणी घालू देत नव्हते, आणि जेवायच्या आधी घरातल्या कर्त्या माणसाने पहिला घास खाऊन बराच वेळ थांबायचं अशी रीत. जीभ बधिर झाली की पातेलं पुन्हा आगीवर.

निघंटू (वैद्य)

तुमच्या यजमानांना ज्ञान पक्कं होतं. फूझ म्हणजे आपल्या बचनागाचा भाऊबंद. त्यातलं ॲकोनिटिन हृदयाची लय बिघडवतं. बराच वेळ उकळल्यावर ते फुटून कमी विषारी होतं, म्हणून काढ्यातही आधी ते एकटं तासभर किंवा जास्त उकळायचं आणि मग बाकीची औषधं घालायची असते. आपल्याकडे बचनाग गोमूत्रात किंवा दुधात शुद्ध करून घेतात तेही याच कारणाने. ओठ आणि जीभ बधिर होणं ही पहिली खूण. मग मळमळ, मग छातीत धडधड. तिथे घरगुती उपाय करत बसायचं नाही, थेट मोठ्या रुग्णालयात जायचं, आणि उरलेली मुळी सोबत न्यायची.

मोरपिशी

हे सगळं नीट वापरलं नाही तर, असं चाललंय. पण नीट वापरूनही घात होतो अशी उदाहरणं आहेत ना? बेल्जियमचं काहीतरी वाचलं होतं.

स्टेथो

होय, आणि या धाग्यातलं सगळ्यात गंभीर प्रकरण तेच आहे, जरा सविस्तर लिहितो.

ब्रुसेल्समध्ये एका वजन कमी करण्याच्या दवाखान्यात 1990 पासून बायकांना चिनी वनस्पतींच्या कॅप्सूल देत होते. त्यात एक मूळ हवं होतं हानफांगजी. पुरवठ्यात त्याजागी ग्वांगफांगजी आलं. बाजारात दोन्ही फांगजीच, आणि वाळवून कापल्यावर वरवर बघून ओळखता येत नाहीत. पण हे दुसरं मूळ ॲरिस्टोलोकिया कुळातलं, त्यात ॲरिस्टोलोकिक ॲसिड. 1992 पासून तरुण बायकांची मूत्रपिंडं झपाट्याने निकामी होऊन त्या रुग्णालयात यायला लागल्या. 1993 मध्ये तिथल्या डॉक्टरांनी हे जगासमोर मांडलं. पुढे रुग्णांची संख्या शंभरावर गेली.

आणि एवढ्यावर थांबलं नाही. मूत्रपिंडं गेल्यावर ज्यांची ती खबरदारी म्हणून काढली अशा 39 रुग्णांच्या उती तपासल्या, त्यात 18 जणांना मूत्रमार्गाचा कर्करोग निघाला. हे 2000 साली प्रसिद्ध झालं. कॅप्सूल बंद होऊन वर्षं उलटली होती तरी. हे ॲसिड डीएनएला चिकटतं आणि तिथे स्वतःचा विशिष्ट ठसा ठेवतं. त्या ठशावरून नंतर कितीतरी गोष्टी उलगडल्या. तैवानमधल्या यकृताच्या 98 कर्करोगांपैकी 78 टक्क्यांत तो ठसा सापडला, 2017 चा अभ्यास. तैवानमध्ये बंदीच्या आधीच्या काही वर्षांत साधारण एक तृतीयांश लोकांना कधी ना कधी अशी वनस्पती लिहून दिली गेली होती. बंदी आली 2003 मध्ये.

त्या बायकांनी काहीही बेकायदा किंवा अविचारी केलं नव्हतं. डॉक्टरकडे गेल्या, चिठ्ठी घेतली, औषध घेतलं. मला या प्रकरणाचा आजही राग येतो.

निघंटू (वैद्य)

डॉक्टरसाहेब, यात आपण फक्त चिन्यांकडे बोट दाखवू नये. आपल्या दख्खनात ईश्वरी आणि किडामार दोन्ही उगवतात, दोन्ही त्याच कुळातल्या. जंतांसाठी, सापाच्या विषावर, ताप उतरवायला गावोगाव देत आले. लगेच काही दिसत नाही, म्हणून निर्धोक वाटतात. मूत्रपिंड वीस वर्षांनी गेलं तर त्याचा संबंध कुणी मुळीशी जोडत नाही. माझ्याकडे कुणी त्या घेऊन आलं तर मी स्पष्ट नाही म्हणतो, आणि नव्या वैद्यांनाही हेच सांगतो.

तर्कवाद

वैद्यबुवा, हे तुम्ही इतक्या स्पष्टपणे लिहिलंत याबद्दल मनापासून आभार.

हिमवाट

मी उत्तराखंडात दरवर्षी ट्रेक नेतो, म्हणून कीडाजडीबद्दल. चीनमध्ये तिला दोंगछोंगश्याचाओ म्हणतात, नेपाळात यारसागुंबा. अळीच्या अंगात बुरशी वाढते आणि डोक्यातून काडी बाहेर येते. पिथौरागढ, चमोलीच्या वरच्या कुरणांत मे-जूनमध्ये अख्खी गावं पोटावर सरपटत ती शोधतात. काडी जेमतेम बोटाच्या पेराएवढी आणि रंगाने मातीसारखी, उठून उभं राहिलं की दिसतच नाही. तिथून ती चीनच्या बाजारात सोन्याच्या भावाने जाते.

चीनच्याच अन्न-औषध खात्याने 2016 मध्ये इशारा दिला होता की तपासलेल्या नमुन्यांत आर्सेनिक 4.4 ते 9.9 मिलिग्रॅम प्रति किलो निघालं, मर्यादा 1 ची असताना. फुफ्फुसं, मूत्रपिंड, पुरुषत्व यांसाठी लोक ही घेतात. पुण्या-मुंबईतही आता ऑनलाइन विकायला दिसते, त्यातली बरीचशी प्रयोगशाळेत वाढवलेली वेगळीच बुरशी असते.

शुभ्रा_ठाणे

माझ्या भावाने केस पांढरे व्हायला लागले म्हणून ऑनलाइन हशौवू नावाच्या चिनी मुळीच्या गोळ्या मागवल्या होत्या. महिन्याभरात भूक गेली, लघवी गडद, डोळे पिवळे. यकृताचे आकडे फार वाढले होते. दवाखान्यात डॉक्टर विचारत होते दारू पितोस का, कावीळ झालेल्यांच्यात राहिलास का. त्याला गोळ्यांचं नावही आठवलं नाही, कारण तो त्यांना औषधच धरत नव्हता. बहिणीने बाटली आणून दाखवली तेव्हा उलगडा झाला. बंद केल्यावर तो बरा झाला, पण वेळ गेला.

स्टेथो

शुभ्राताई, हशौवूमुळे यकृताला इजा होणं आता चांगलंच नोंदवलेलं आहे. ब्रिटनच्या नियामकाने 2006 मध्येच इशारा दिला होता. काही लोकांत विशिष्ट जनुकीय प्रकार असतो, त्यांना धोका जास्त, पण तो आधी कळत नाही. केसांसाठी यकृत पणाला लावू नये.

मधुकर_फार्मसी

भेसळीबद्दल अजून कुणी लिहिलं नाही, आणि माझ्या मते सगळ्यात मोठा धोका तोच. मी औषधनिर्माता आहे.

सिंगापूरचीच गोष्ट. 2008 च्या जानेवारी ते मे दरम्यान तिथल्या पाच सरकारी रुग्णालयांत 150 माणसं रक्तातली साखर भयंकर खाली गेलेल्या अवस्थेत आली. मधुमेह कुणालाच नव्हता, आणि एक सोडून सगळे पुरुष. शोध घेतला तर 'वनौषधी' म्हणून विकल्या जाणाऱ्या पुरुषत्वाच्या गोळ्यांत ग्लिबेनक्लामाइड हे मधुमेहाचं औषध निघालं, 13 ते 100 मिलिग्रॅमपर्यंत. मधुमेहाची नेहमीची गोळी 2.5 किंवा 5 मिलिग्रॅमची असते. सात जण बेशुद्धच राहिले, त्यातले चार गेले.

मिश्रणात स्टेरॉइड असतं ते सांधेदुखीच्या 'टॉनिक'मध्ये. दोन दिवसांत गुडघा मोकळा झाला तर शंका घ्यायची, वनस्पती इतक्या लवकर काम करत नाही. वजन कमी करण्याच्या चहात सिब्युट्रामिन हे भूक मारणारं औषध. आणि शिसं-पारा म्हणाल तर तो आपल्या घरचाही प्रश्न आहे. 2008 मध्ये इंटरनेटवरून घेतलेल्या 193 आयुर्वेदिक उत्पादनांची अमेरिकेत तपासणी झाली, त्यात 20.7 टक्क्यांत शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं.

म्हणून सिंगापूरला असाल तर अधिकृत यादीतलं तयार औषध आहे का ते बघा. तिथे चिनी वैद्यांचीही 2000 च्या कायद्याने नोंदणी होते, ती विचारा. भारतात कुरिअरने येणाऱ्या बाटलीला यातलं काहीच नसतं.

मोरपिशी

सिंगापूरला परवडेल असा नोंदणीकृत वैद्य कुठे बघायचा? माझी मैत्रीण तिकडे नोकरीला आहे, तिचा या औषधांवर विश्वास आहे आणि ती घेणारच.

पारिजातक (सिंगापूर)

मोरपिशी, थोंग चाय ही 1867 पासूनची धर्मादाय संस्था आहे इथे, कुठल्याही वंशाच्या माणसाला मोफत तपासतात. गर्दी असते. तिला सांगा जाताना चालू गोळ्यांची यादी आणि अलीकडचे रक्ताचे रिपोर्ट घेऊन जा.

सगळ्यांचेच आभार. जाऊबाईंचं सिझेरियन नाही, कुठली गोळीही चालू नाही. रक्तस्राव आता कमी आहे. त्यांच्या डॉक्टरांशी बोलून दांगग्वे सध्या बंद केलंय, दारूही. आलं-तिळाचं चिकन चालू आहे. बाई अजिबात रागावल्या नाहीत. उलट त्यांनीच सांगितलं की ताप आला किंवा पुन्हा जास्त जायला लागलं तर त्याही सूप थांबवतात.

सई_नागपूर

उशिरा आले, पण एक विचारायचं होतं. आईची पित्ताशयाची शस्त्रक्रिया ठरली आहे, तीन आठवडे आहेत. ती कोरियन लाल जिनसेंगचा अर्क रोज चमचाभर घेते, आणि खोकल्यासाठी ज्येष्ठमधाचा काढा. रक्तदाबाची गोळी आहे. भूलतज्ज्ञांना हे सांगण्यासारखं आहे का? ती म्हणते, "त्यात काय सांगायचं."

स्टेथो

नक्की सांगायचं, आणि आजच. भूल देण्याआधी साधारण दोन आठवडे वनौषधी बंद ठेवायला सांगतात, म्हणजे तुमच्याकडे वेळ आहे. जिनसेंगचा रक्त गोठण्यावर आणि साखरेवर परिणाम होऊ शकतो.

ज्येष्ठमध त्याहून महत्त्वाचं. ते रोज, बरेच दिवस घेतलं तर अंगात पाणी-मीठ साठतं, रक्तदाब चढतो आणि पोटॅशियम उतरतं. रक्तदाबाची गोळी लघवी वाढवणारी असेल तर पोटॅशियम आणखी खाली जाईल, आणि भुलीखाली हृदयाची लय बिघडू शकते. पाय सुजतात का, स्नायूंत अशक्तपणा आहे का ते विचारा. काढा थांबवा, पण रक्तदाबाची गोळी स्वतःहून बंद करू नका. सोडियम-पोटॅशियम करून घ्या आणि रिपोर्ट इथे न टाकता थेट त्यांच्या डॉक्टरांना दाखवा. अर्काची बाटली आणि काढ्याची पुडी दोन्ही सोबत न्या.

सई_नागपूर

पाय सुजतात, संध्याकाळी. ती उभं राहून काम करते म्हणून असेल असं वाटत होतं. उद्या सकाळीच रक्त द्यायला नेते.